मुलाची स्पीच थेरपी आणि विम्याचे कागद: इंदूरच्या आई-बाबांसाठी पहिल्या दिवसापासून

"मॅडम, बच्चा भर्ती कब हुआ था?" विम्याच्या खिडकीवरच्या मुलाने माझ्या ४८ पावत्या दोनदा चाळून मला हा प्रश्न विचारला. भर्ती? आठवड्यातून दोनदा रामबागेतून पलासियाला जायचं, पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसायचं, पैसे द्यायचे, पावती पर्समध्ये टाकायची, एवढंच आम्ही वर्षभर केलं होतं. माझ्या मुलाला बोलायला उशीर होत होता, त्यासाठी त्याला कोण कशाला भर्ती करेल? त्या दिवशी एकही रुपया मिळाला नाही. पण विमा कंपनी कागदात नेमकं काय शोधते, ते त्या खिडकीवर उभं राहून मला पहिल्यांदा कळलं. कुठला आजार, कुणी उपचार केला आणि कुठे केला, या तीन गोष्टी ती पाहते. थेरपी सुरू करण्याआधी या तिन्हींची उत्तरं कागदावर असतील, तर पुढची बरीच वणवण वाचते. म्हणून ज्यांचं मूल आज-उद्या थेरपीला जाणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पायरी पहिली: डॉक्टर आधी, थेरपिस्ट नंतर

आपण उलट करतो. शेजारच्या वहिनी एका सेंटरचं नाव सांगतात, आपण थेट तिथे जातो आणि सेशन सुरू होतात. थेरपी म्हणून यात काहीच चूक नाही, पण विम्याच्या कागदात डॉक्टरांची चिठ्ठीच राहत नाही. आधी बालरोगतज्ज्ञ, शक्य असेल तर बालविकासतज्ज्ञ, आणि कानांसाठी ईएनटी, यांपैकी कुणाकडून तरी लेखी निदान आणि 'स्पीच थेरपीची गरज आहे, आठवड्यातून इतके सेशन, इतके महिने' अशी स्पष्ट सूचना घ्या. नुसतं 'अ‍ॅडव्हाइस: स्पीच थेरपी' एवढं लिहिलेलं पुढे तोकडं पडतं.

कानांची तपासणी टाळू नका. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाचं ऐकणं आधी तपासायचं असतं. लहान मुलांत ओएई आणि बेरा या दोन चाचण्या होतात. बेरासाठी मूल शांत झोपलेलं लागतं, म्हणून कधीकधी औषध देऊन झोपवतात आणि काही ठिकाणी त्यासाठी दिवसभर दाखलही करून घेतात. त्या भरतीवर क्लेम होईल अशी आशा धरू नका. निव्वळ तपासणीसाठीची भरती बहुतेक पॉलिसींतून वगळलेली असते. त्याचा कोड खाली येईलच.

त्यानंतर थेरपिस्टचा असेसमेंट रिपोर्ट. आपल्यासारख्या मराठी घरांनी इथे एक गोष्ट स्वतःहून सांगायला हवी. आमची थेरपिस्ट हिंदीभाषक, मुलीसारखी गुणी. पण पहिल्या रिपोर्टमध्ये तिने घरची भाषा हिंदी लिहिली. माझा मुलगा 'बाळ'ला 'बाल' म्हणायचा, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण हिंदीच्या रोजच्या बोलण्यात ळ नसतोच. तो 'पाणी'ला 'पानी' म्हणाला की ते बाहेर ऐकलेलं हिंदी आहे की त्याला ण येतच नाही, हे सांगायला त्याची आजी लागायची. मग एके दिवशी सासूबाई स्वतः सेंटरवर आल्या आणि त्यांनी ३० मराठी शब्दांची यादी करून दिली: केळं, डोळा, बाण, वेणी, फळा. त्यावरून तपासलं तेव्हा खरं चित्र दिसलं. रिपोर्टमध्ये 'घरची भाषा मराठी, परिसराची हिंदी' हे लिहून घ्या. आणि कुणी सांगितलं की दोन भाषांमुळे मूल बोलत नाही, मराठी बंद करा, तर ते ऐकू नका. दोन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. आजीशी तोडलेलं बोलणं मात्र भरून येत नाही.

पायरी दुसरी: निदानाचा कोड ओळखायला शिका

आपल्याकडच्या क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. भाग अ आपण भरायचा, भाग ब रुग्णालयाने. भाग ब मध्ये निदानापुढे आयसीडी-१० कोड लिहायची जागा असते. आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी. २०२२ पासून आयसीडी-११ लागू झाली असली, तरी आपल्या फॉर्मवर आणि रुग्णालयांच्या संगणकांत अजून १० चीच चलती आहे. कागदावर कोड इंग्रजी अक्षरात असतो, मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते.

एफ ८० हे बोलणं आणि भाषा यांच्या विकासातल्या विकारांचं घर. त्यात एफ ८०.० म्हणजे उच्चारांची अडचण. एफ ८०.१ म्हणजे मुलाला समजतं, पण स्वतःला मांडता येत नाही. एफ ८०.२ म्हणजे दुसऱ्याचं बोलणं समजण्यातच अडचण. तोतरेपणाचा कोड वेगळ्या घरात आहे, एफ ९८.५. बालपणीचा ऑटिझम एफ ८४.०. दोन्ही कानांच्या नसांमुळे आलेला बहिरेपणा एच ९०.३. सेरेब्रल पाल्सी जी ८०. फाटलेल्या टाळूसाठी क्यू ३५, फाटलेल्या ओठासाठी क्यू ३६ आणि दोन्ही असेल तर क्यू ३७.

यातलं मर्म असं की कोडाचं पहिलं अक्षर क्लेमची वाट ठरवतं. क्यू म्हणजे जन्मजात दोष. एच म्हणजे कान. एफ म्हणजे मानसिक, वर्तनविषयक आणि विकासविषयक विकार. मूल तेच, त्याचं न बोलणंही तेच, पण कारण बदललं की नियम बदलतो. बहिरेपणामुळे न बोलणाऱ्या मुलाच्या कागदावर नुसतं एफ ८०.१ पडलं, तर ऐकण्याची बाजूच हरवते. म्हणून मूळ कारण आधी आणि बोलण्याची अडचण दुसऱ्या क्रमांकावर, अशी दोन्ही निदानं लिहून घ्या.

क्लेम पास व्हावा म्हणून कोड बदलून मागू नका, आणि कुणी सुचवलं तरी मान्य करू नका. खोट्या माहितीवर पूर्ण पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि मग उद्या मुलाला डेंग्यू झाला तरी हात रिकामे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांबद्दलही एक सांगायचं आहे. माझ्या मावसबहिणीने मला ९२५०७, ९२५२३ असे आकडे पाठवले होते. ते तिकडचे सीपीटी कोड, म्हणजे काय उपचार केला ते सांगणारे आकडे. ९२५०७ म्हणजे एका मुलाची थेरपी, मग ती कितीही मिनिटांची असो. ९२५०८ म्हणजे गटातली. ९२५२३ म्हणजे उच्चार आणि भाषा दोन्हींचं मूल्यमापन. तिकडे ते आजार सांगणाऱ्या आयसीडी कोडासोबत जोडीने लावतात आणि जोडी जुळली नाही की क्लेम परत येतो. आपल्याकडे थेरपीच्या बिलावर या आकड्यांना काही अर्थ नाही. काय केलं ते साध्या शब्दांत लिहिलेलं पुरतं.

पायरी तिसरी: पॉलिसीतले 'एक्सक्लूजन' कोड

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझं खरं भांडण इथेच झालं, म्हणून जरा थांबून वाचा.

विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक अटीला क्रमांक दिला. पॉलिसीच्या पुस्तिकेत हे एक्सक्ल ०१, एक्सक्ल ०२ असे दिसतात. आपल्या कामाचे तीन. एक्सक्ल ०१ म्हणजे आधीपासून असलेला आजार. एक्सक्ल ०४ म्हणजे केवळ तपासणी आणि मूल्यमापनासाठीची भरती. एक्सक्ल ०५ म्हणजे विश्रांती, पुनर्वसन आणि देखभालीसाठीची भरती.

त्याच परिपत्रकात कंपन्यांना काय वगळता येणार नाही याचीही यादी आहे, आणि त्यात वर्तन व मज्जाविकासाच्या विकारांखाली बोलण्याचे आणि भाषेचे विकार, तोतरेपणा आणि डिस्लेक्सिया यांची नावं स्पष्ट आहेत. मानसिक आजारही त्याच यादीत आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१(४) ने शारीरिक आजारांच्या बरोबरीने त्यांना विमा द्यायला सांगितलंच होतं. म्हणजे 'बोलण्याचे विकार आम्ही कव्हर करत नाही' असं कुणी तोंडी सांगितलं, तर ते लेखी मागा. बहुतेकदा लेखी द्यायची वेळ आली की वाक्य बदलतं.

आता दुसरी बाजू, जी एजंट सांगत नाहीत. विकार वगळता येत नाही याचा अर्थ प्रत्येक प्रकारचा उपचार मिळतो असा नाही. आपल्या साध्या पॉलिसी भरतीसाठीच्या असतात. थेरपी ओपीडीत होते. मला आलेल्या पत्रात नकाराचं कारण एक्सक्ल ०५ दिलं होतं. मी पुस्तिका उघडून पाहिली तर ती अट बिछान्यावर पडून राहण्यासाठीच्या भरतीची. माझा मुलगा एक दिवसही भर्ती नव्हता, मग ही अट त्याला लागतेच कशी? मी तसं लिहून पाठवलं. तीन आठवड्यांनी नवं पत्र आलं: एक्सक्ल ०५ मागे घेतलं, पण या पॉलिसीत ओपीडी खर्च समाविष्ट नाही. ते मात्र खरं होतं. चुकीचं कारण खोडून काढल्याचं समाधान मिळालं, पैसे नाही मिळाले. पण पुढच्या नूतनीकरणाला काय मागायचं ते पक्कं कळलं.

एक्सक्ल ०१ चं गणित असं. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलं असेल, किंवा सल्ला वा उपचार दिला असेल, तर तो आजार आधीचा धरतात आणि त्यासाठी प्रतीक्षा काळ लागतो, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आधी ४८ होता. म्हणून बाळ झालं की ते लगेच फॅमिली पॉलिसीत घाला. आपण स्वतः घेतलेल्या पॉलिसींत बहुधा ९१ व्या दिवसापासून घेतात, नोकरीच्या गट पॉलिसींत अनेकदा पहिल्या दिवसापासून. निदान झाल्यावर पॉलिसी घेत असाल, तर ते प्रस्तावात लिहा. लपवलेलं पाच वर्षांत केव्हाही बाहेर काढता येतं. फसवणूक ठरली, तर पाच वर्षांनंतरही.

पायरी चौथी: भरतीचा धागा

ज्या मुलांची शस्त्रक्रिया होते, त्यांच्यासाठी ही सर्वांत मोठी वाट आहे आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते. पॉलिसीत भरतीच्या आधीचे बहुधा ३० आणि नंतरचे ६० दिवस, काहींत त्याहून जास्त, त्याच आजाराशी संबंधित खर्च मिळतो. टाळूची शस्त्रक्रिया किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) झालं आणि डिस्चार्ज कार्डावर सर्जननी 'शस्त्रक्रियेनंतर स्पीच थेरपी आवश्यक, आठवड्यातून तीन वेळा' असं लिहिलं, तर त्या दिवसांतली थेरपीची बिलं मूळ क्लेमला जोडून मागता येतात. डिस्चार्जच्या घाईत हे राहून जातं. नर्स कागद हातात देते तेव्हाच पाहा.

एक खड्डा आहे. शरीराच्या आत असलेला जन्मजात दोष कंपन्यांना वगळता येत नाही, पण बाहेर दिसणारा वगळता येतो. फाटलेला ओठ बाहेर दिसतो. शस्त्रक्रियेआधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. श्रवणयंत्रही बहुतेक पॉलिसींत मिळत नाही.

ओपीडी रायडर, म्हणजे जादा हप्ता भरून पॉलिसीला जोडायचं ओपीडीचं कव्हर, घ्यायचा का? हिशेब करा. समजा एका सेशनचे ५०० रुपये आणि महिन्याला १२ सेशन, तर महिन्याचे ६,००० आणि वर्षाचे ७२,०००. रायडरची वर्षाची मर्यादा १०,००० आणि जादा हप्ता ४,००० असेल, तर हाती येतात ६,०००, म्हणजे एका महिन्याची थेरपी. तेही रायडरमध्ये थेरपी धरली असेल तरच. नुसतं 'डॉक्टर कन्सल्टेशन' लिहिलेलं असेल, तर थेरपिस्टचं बिल बसणार नाही. नोकरीची गट पॉलिसी असेल, तर एचआरला ईमेल करून 'मुलांची स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी' आहे का विचारा. मोठ्या कंपन्यांत कधीकधी असते आणि कुणी वापरतच नाही.

पायरी पाचवी: पावती कशी असावी

माझ्या ४८ पावत्यांवर 'स्पीच सेशन, ५००' आणि शिक्का, एवढंच होतं. त्यातल्या नऊ तर मुलाच्या घरच्या नावाने, कारण सेंटरवर सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे. पॉलिसीवर आहे तेच नाव, वडिलांच्या नावासकट, त्याच स्पेलिंगने हवं. आपल्या आडनावांतल्या ळ आणि ण चं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं पडतं, म्हणून आधार कार्डाची झेरॉक्स पहिल्याच दिवशी सेंटरला द्या.

पावतीवर प्रत्येक सेशनची तारीख वेगवेगळी हवी, महिन्याचा एकगठ्ठा आकडा नको. पावती क्रमांक हवा. थेरपिस्टचं नाव, पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक हवा. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आहे आणि स्पीच थेरपिस्ट तिच्याकडे नोंदलेले असतात. पदवी साधारण बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी. विचारायला संकोच करू नका, नोंदणी असलेली माणसं भिंतीवर फ्रेम लावतात. नोंदणीकृत आरोग्यसेवेवर जीएसटी नसतो, तेव्हा बिलात १८ टक्के लावलेले दिसले तर का म्हणून विचारा.

दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल घ्या. आमच्यात 'दोन शब्दांची वाक्यं: मार्चमध्ये ४, जूनमध्ये १९' असं लिहिलेलं असतं. 'प्रगती समाधानकारक' यावर कुणी पैसे देत नाही. आणि मूळ कागद देण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

पायरी सहावी: विम्याबाहेरची, पण हक्काची मदत

निरामय ही राष्ट्रीय न्यासाची योजना आहे, आणि नियमित थेरपीचे पैसे ओपीडीतच देणारी मला माहीत असलेली ही सर्वांत सोयीची सरकारी योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी आहे. वर्षाचं कव्हर १ लाख रुपये, त्यात थेरपीसाठी वेगळी मर्यादा. आधी तपासणी नाही, आधीच्या आजाराची अट नाही, उपचार कुठेही घ्या. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च धरतात, म्हणून नोंदणी जितकी लवकर तितकी बरी. ज्या मुलाला फक्त भाषेचा विकार किंवा फक्त बहिरेपणा आहे, त्याला ही मिळत नाही. मला हे सांगताना वाईट वाटतं, पण आधीच कळलेलं बरं.

निरामयसाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. स्वावलंबन पोर्टलवरून यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज होतो आणि जिल्हा वैद्यकीय मंडळ तपासतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत बोलणं व भाषा यांची अक्षमताही आहे. अनेक घरांत आजी-आजोबांना 'दाखला' शब्द बोचतो. आमच्याकडेही बोचला. पण ४० टक्के वा अधिकचा दाखला असेल, तर आयकरात (१९६१ च्या कायद्यात हे कलम ८० डीडी होतं) जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्क्यांवर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. खर्च तेवढा झाला नसला तरी पूर्ण मिळते.

पैसेच नसतील, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं जिल्ह्याचं डीईआयसी केंद्र, म्हणजे मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं केंद्र विचारा. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे, ऐकण्यातला दोष, फाटलेली टाळू आणि भाषेतला उशीर यांची तपासणी त्यात येते, आणि मोफत आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा पथक येतं, आशाताईंना तारीख ठाऊक असते. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे. आयुष्मान कार्ड शस्त्रक्रियेला चालेल, आठवड्याच्या थेरपीला नाही.

नकार आला तर

तोंडी नकार मानू नका. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नकाराच्या पत्रात पॉलिसीची नेमकी अट लिहावी लागते. ती अट पुस्तिकेत शोधा, शब्दाला शब्द जुळवा. जुळत नसेल, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. सोबत आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा किंवा १५५२५५ वर फोन करा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. आपल्या इंदूरसाठी भोपाळचं कार्यालय. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. अर्जात दुःख दोन ओळींत लिहा आणि तारखा पानभर. डॉक्टरांची चिठ्ठी, कोड असलेलं निदान, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक, सेशनच्या तारखा, नकाराचं पत्र आणि पॉलिसीतली ती अट अधोरेखित करून, याच क्रमाने लावा. आणि हे सगळं चालू असताना मंगळवारचं आणि शुक्रवारचं सेशन चुकवू नका.